एटीव्हीची बॅटरी बदललीत? कशी निवडली, किती मोजले, अनुभव लिहा

मंडळी, नागावच्या किनाऱ्यावर आमच्या चार एटीव्ही, म्हणजे वाळूत फिरणाऱ्या चारचाकी बाइक, आहेत. तीन लहान, ११० सीसीच्या, आणि एक मोठी, बाहेरून आयात झालेली, आम्ही जुनी विकत घेतलेली. पावसाळाभर सगळ्या शेडमध्ये ताडपत्रीखाली होत्या. दिवाळीच्या सुट्टीसाठी फोन यायला लागले म्हणून परवा बाहेर काढल्या. लहान गाड्यांना दोरी आहे, दोन-चार हिसक्यांत सुरू झाल्या. मोठीला दोरी नाही, आणि ती बेल्टवर चालणारी ऑटोमॅटिक असल्यामुळे ढकलूनही सुरू होत नाही. सेल्फ दाबला की सीटखालून नुसतं टकटकटक. सीट उचलून पाहिलं तर टर्मिनलवर पांढरा-हिरवा थर इतका चढला होता की नटाचे कोपरेच दिसेनात.

जुन्या बॅटरीवर वायटीएक्स१४-बीएस असं लिहिलंय. तीन भाव काढलेत. अलिबागच्या दुकानात त्याच मापाची देशी बॅटरी २,९५० रुपये. मुंबईच्या एका आयातदाराकडे ७,२००. ऑनलाइन एक २,४०० ची दिसते, पण तिच्यावर बनवल्याचा महिनाच दिलेला नाही. हंगामाआधी हात आखडलेला असतो, हे इथल्या धंदेवाल्यांना वेगळं सांगायला नको. पैसे एकदाच मोजायचे आहेत.

ज्यांनी एटीव्हीची, बाइकची, ट्रॅक्टरची, कशाचीही बॅटरी खिशातून पैसे घालून बदलली आहे, त्यांनी लिहा. काय पाहून घेतली, बिल कसं घेतलं, किती दिवस टिकली. नुसतं ‘अमुक कंपनीची घ्या’ असं नको, तुमच्यावर काय वेळ आली ते हवं.

हर्णैहून

दादा, आधी दुकानात जाऊ नका. मी गेलो आणि दोनदा पैसे घातले, म्हणून सांगतो.

दोन वर्षांपूर्वी माझ्या गाडीची बॅटरी बसली. मी लगेच नवी आणली. दोन महिन्यांत ती फुगली, बाजू हाताला कढत लागायची. दुकानदाराशी भांडलो, त्याने बदलून दिली. तिसरीही त्याच वाटेने जायला लागली तेव्हा खेडच्या एका इलेक्ट्रिशियनने गाडी सुरू करून, रेस देऊन बॅटरीवर मीटर लावला. साडेसोळा व्होल्ट! रेक्टिफायर, म्हणजे बॅटरीला जाणारा करंट आवरणारा भाग, गेलेला होता. चांगल्या गाडीत रेस दिल्यावर साधारण साडेतेरा ते साडेचौदा दिसायला हवेत. माझी गाडी बॅटऱ्या शिजवत होती आणि मी दुकानदाराला शिव्या घालत होतो. दुसऱ्या दिवशी त्याच्याकडे जाऊन माफी मागितली.

उलटंही होतं. रेस देऊनही मीटर साडेबाराच्या वर चढत नसेल तर गाडी चार्जच करत नाही. मग ७,२०० ची आणा नाहीतर २,९५० ची, दोन्ही आठवड्यात उतरणार. मीटर चारशे-पाचशेला मिळतो. तो आधी घ्या.

पुण्याहून, गॅरेजवाला

हर्णैच्या भाऊंचं अगदी बरोबर आहे. बॅटरीची परीक्षा कशी करायची तेही सांगतो, कारण ‘उतरलेली’ आणि ‘मेलेली’ यात फरक आहे.

टर्मिनल गरम पाण्यात खायचा सोडा घालून धुवा. फेस येतो, तो थांबेपर्यंत ब्रशने घासा, मग साध्या पाण्याने पुसून कोरडं करा. बॅटरी काढताना आधी काळी म्हणजे निगेटिव्ह वायर सोडायची, बसवताना ती शेवटी. मग बॅटरी सावकाश चार्ज करा. सावकाश म्हणजे क्षमतेचा दहावा भाग: तुमची १२ अँपिअर-अवरची आहे, तर १.२ अँपिअर. कोपऱ्यावरच्या चार्जिंगवाल्याकडे ट्रकच्या बॅटऱ्यांच्या रांगेत लावू नका, तिथल्या करंटने लहान बॅटरी जळते. पूर्ण चार्ज झाली की रात्रभर तशीच सोडून सकाळी मोजा. १२.६ ते १२.८ असेल तर जीव आहे. १०.५ च्या आसपास अडकली असेल तर बहुतेक सहापैकी एक सेल गेलाय, तिच्यावर आता वेळ घालवू नका. मध्येच कुठे असेल तर सेल्फ मारताना मीटर बघा. साडेनऊच्या खाली कोसळली तर बदलायला झाली.

आणि ‘बीएस’चा अर्थ समजून घ्या. बॉटल सप्लाइड. बॅटरी कोरडी येते, सोबत अॅसिडची सहा नळकांड्यांची बाटली. दुकानात महिनोन् महिने पडून असली तरी कोरडी असल्यामुळे फारशी बिघडत नाही, हा तिचा मोठा फायदा. पण भरताना घाई चालत नाही. बॅटरीच्या भोकांवरची पट्टी काढायची. बाटलीच्या तोंडावरचं पातळ सील मात्र काढायचं नाही, बाटली उलटी करून दाबली की ते आपोआप फुटतं. सहाही नळकांड्यांतून बुडबुडे वर यायला लागतात. एखाद्यातून येत नसतील तर बाटलीच्या बुडाला बोटाने टिचक्या मारायच्या. वीसेक मिनिटं तसंच उभं ठेवायचं, बाटली पूर्ण रिकामी होईपर्यंत. मग अर्धा-एक तास मुरू द्यायची, नंतर त्याच सावकाश करंटने चार्ज करायची आणि झाकणाची पट्टी दाबून कायमची बंद. पुन्हा कधी उघडून पाणी घालायचं नाही.

आमच्याकडे येणारी निम्मी गिऱ्हाइकं म्हणतात, ‘भरून लगेच द्या, गाडी उभी आहे.’ नुसती भरलेली बॅटरी पूर्ण चार्ज झालेली नसते. गाडी सुरू होते, गिऱ्हाईक खूश होऊन जातं, पण त्या बॅटरीची ताकद पहिल्या दिवशीच कमी राहते आणि पुढे ती भरून निघत नाही. दुकानदाराला सांगा, आज पैसे देतो, उद्या संध्याकाळी नेतो. चष्मा आणि हातमोजे घातल्याशिवाय अॅसिडला हात लावू नका, पोरांना तर जवळही येऊ देऊ नका.

पाचगणीहून

अक्षरं नीट वाचा हो. आमच्या गाडीला वायटीएक्स२०एल लागते, पोरगा वायटीएक्स२० घेऊन आला. माप तेच, किंमत तीच. पण ‘एल’वाल्याचं पॉझिटिव्ह उजवीकडे आणि बिनएलचं डावीकडे. त्याने वायरी ताणून जिथे पोचल्या तिथे लावल्या. मेन फ्यूज उडाला आणि रेक्टिफायरही गेला. अॅसिड भरलेली बॅटरी दुकानदार परत घेईना, आणि त्यात त्याची काही चूक नव्हती.

नाशिकजवळून, द्राक्षबागायतदार

माझा अनुभव ट्रॅक्टरच्या बॅटरीचा, पण पैशाचा मुद्दा सारखाच.

गॅरंटी कार्डावर ३६ महिने लिहिलेले. मी समजलो तीन वर्षं निश्चिंती. पंचविसाव्या महिन्यात बॅटरी गेली, तेव्हा कळलं की पहिले १८ महिने फुकट बदली आणि पुढचे १८ महिने ‘प्रो-राटा’, म्हणजे नव्या बॅटरीवर ठरावीक टक्के सूट. ती सूट छापील किमतीवर. आणि दुकानात रोख गिऱ्हाइकाला छापील किमतीपेक्षा खाली भाव मिळतोच! हिशेब केला तर माझ्या गॅरंटीची किंमत दीड-दोनशे रुपये निघाली. तेव्हापासून मी एकच आकडा विचारतो: फुकट बदलीचे महिने किती?

दुसरं, कार्डावर तारीख, शिक्का आणि बॅटरीचा सीरियल नंबर आपल्यासमोर लिहून घ्या. माझ्या चुलतभावाने दोनशे रुपये वाचवायला बिनबिलाची घेतली. आठव्या महिन्यात ती गेली तेव्हा हातात दाखवायला काहीच नव्हतं. घरात दोन दिवस कोणी नीट जेवलं नाही, फवारणीचे दिवस होते.

बिलावर कराची ओळही बघा. २२ सप्टेंबर २०२५ पासून बॅटरीवर २८ ऐवजी १८ टक्के जीएसटी आहे. तुमच्या २,९५० मध्ये २,५०० किंमत आणि ४५० कर असणार. जुन्या दराने तीच ३,२०० झाली असती. कोणी जुनी छापील यादी दाखवून भाव सांगत असेल तर शांतपणे विचारा.

मिनेसोटाहून

मी मूळची साताऱ्याची. इथे आम्ही शेतघरापाशी बर्फ ओढायला एटीव्ही वापरतो, पुढे नांगरासारखं पातं, ते उचलायला विंच, म्हणजे दोर गुंडाळणारी मोटर. तुमच्याकडे खारी हवा, आमच्याकडे थंडी.

इथे बॅटरी घेताना सगळे सीसीए बघतात, म्हणजे उणे १८ अंशांवर ३० सेकंद बॅटरी किती करंट देऊ शकते तो आकडा. कोकणात त्याच्यासाठी जास्त पैसे मोजू नका, तुम्हाला त्याचा उपयोग नाही. माझ्यासाठी मात्र तोच जीव की प्राण. पहिल्या हिवाळ्यात मी अर्धी उतरलेली बॅटरी गाडीतच सोडली. चार्ज असलेली बॅटरी इथल्या थंडीत गोठत नाही, पण उतरलेल्या बॅटरीतलं अॅसिड पाण्यासारखं पातळ होतं आणि गोठतं. सकाळी पाहिलं तर डबा उभा चिरलेला. जानेवारीत मी एकटी, दारासमोर गुडघाभर बर्फ, नवरा प्रवासात. ती सकाळ मी विसरलेली नाही.

दुकानात नव्या बॅटरीसोबत वेगळी ठेव घेतात, जुनी आणून दिली की परत. मी फुटलेली जुनी प्लास्टिकच्या घमेल्यात ठेवून नेली आणि ठेव सोडवली. लिथियमची घ्यावी असं खूप वाटलं होतं, उचलायला अगदी हलकी. पण ती कडाक्याच्या थंडीत सुस्त पडते, म्हणून एजीएमच, म्हणजे आतल्या चटईत अॅसिड शोषलेली शिशाची बंद बॅटरी, घेतली. आता नोव्हेंबर ते मार्च छोटा चार्जर कायम जोडलेला असतो. तुम्हीही जूनमध्ये तेच करा. बॅटरी काढून घरात ठेवा, महिन्यातून एकदा चार्ज करा.

मालवणहून

जुनी बॅटरी भंगारवाल्याला देऊ नका. तो अॅसिड माडाच्या बुडात ओततो, मी डोळ्यांनी पाहिलंय. आमच्या शेजारच्या विहिरीपासून ती जागा वीस पावलांवर. २०२२ च्या बॅटरी कचऱ्याच्या नियमांनुसार ती परत गोळा करून पुनर्वापराला पाठवण्याची जबाबदारी बनवणाऱ्यांवर आहे. दुकानात परत द्या, बदल्यात पैसेही सुटतात.

नागावहून, धागा काढणारा

सगळ्यांचे मनापासून आभार. चार दिवसांत काय झालं ते लिहितो.

सोड्याने टर्मिनल धुतले. लहान चार्जर आणून बॅटरी रात्रभर १.२ वर लावली, पुढची रात्र तशीच सोडली. सकाळी मीटर १०.६. पुणेकर म्हणाले तेच, सेल मेलेला. मग शेजाऱ्याच्या गाडीची बॅटरी तासाभरासाठी मागून आणली, गाडी सुरू करून रेस दिली. १४.२. म्हणजे रेक्टिफायर ठणठणीत. हे कळल्यावरच अलिबागला गेलो.

दुकानदाराला पहिल्यांदाच स्पष्ट सांगितलं की गाडी भाड्याने फिरते. त्याने कार्ड उलटून दाखवलं: भाड्याच्या वापराला फुकट बदलीची मुदत निम्मी. विचारलं नसतं तर ऐन हंगामात कळलं असतं. जुनीचे २५० वजा केले, २,७०० यूपीआयने दिले, सीरियल नंबर बिलावर आणि कार्डावर दोन्हीकडे लिहून घेतला. बाटली माझ्यासमोर उलटी केली. पाच नळकांड्यांतून बुडबुडे आले, सहाव्यातून येईनात. त्याने टिचक्या मारल्या, आले. बॅटरी तिथेच ठेवून परत आलो.

काल संध्याकाळी आणून बसवली, टर्मिनलवर व्हॅसलीन चोपडलं, डब्यावर मार्करने तारीख टाकली. पहिल्या दाबात सुरू झाली. आज लहान गाड्यांच्या बॅटऱ्या काढतोय. तिन्हींचे आकडे रात्री इथे टाकतो, पुणेकर काका, तेवढं बघून सांगा.