निळा स्क्रीन आणि पुतणीचे उणे २५५३६

खवचट_पुणेकर: काल इथे कुणीतरी ठोकून दिलं, ‘पहिल्या वर्षाला टर्बो सीच बरं, जीसीसीने पोरं बिचकतात.’ (दोन्ही कंपायलर, म्हणजे सी भाषेतला प्रोग्रॅम मशीनला कळेल असा करून देणारे; टर्बो जुना, निळ्या स्क्रीनचा, जीसीसी आजचा.) राहवेना म्हणून लिहितोय. परवा पुतणीने जर्नलमधला प्रोग्रॅम दाखवला. २०० गुणिले २००, उत्तर उणे २५५३६! सर म्हणाले, ‘लाँग घे,’ म्हणजे आकडा ठेवायला मोठा खण. का, ते नाही सांगितलं. अहो, टर्बोचा इंट, म्हणजे पूर्णांकाचा साधा खण, १६ बिटी, ३२७६७ च्या वर गेला की उलटतो. तोच प्रोग्रॅम घरी जीसीसीवर: ४००००. १९९१ चं टर्बो ३.० डॉसबॉक्समध्ये, म्हणजे जुन्या डॉसची नक्कल करणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये, चालवायचं आणि त्यात सी++ शिकवायचं, ज्याचं मानकच (अधिकृत नियमावली) १९९८ ला आलं. त्या मानकातली नेमस्पेस (नावांचे गट करायची सोय) लिहिली की एररच!

लॅबवाले_सर: घरी बसून बोलायला काय जातं! एका बॅचला साठ पोरं, निम्मी मशीन्स रडतात, नेट कधी असतं कधी नसतं. टर्बोत प्रिंटएफवर (छापायच्या आज्ञेवर) कर्सर ठेवून कंट्रोल एफ१ दाबलं की उदाहरणासकट मदत हजर. एफ७ ने एकेक ओळ चालवून व्हेरिएबल बदलताना दिसतो. तुमचा जीडीबी (जीसीसीवाल्यांचा चुका शोधायचा प्रोग्रॅम) पहिल्या आठवड्यात शिकवून दाखवा, मग बोलू.

शून्य_मार्क: मदतीचं सोडा, ओरलचं बोला. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी विचारलं: आय या व्हेरिएबलमध्ये पाच, प्रिंटएफमध्ये ‘आय, आय++, ++आय’, काय छापेल? म्हटलं, सांगता येत नाही, कंपायलरवर आहे. ‘अभ्यास नाही’ म्हणून शून्य. बारा वर्षं झाली, अजून डोक्यात जातं.

जुना_खोड: ७ ६ ६. ++आय आधी एकने वाढवून देतं, आय++ देऊन मग वाढवतं, आणि हिशेब उजवीकडून डावीकडे. सोपं आहे.

शून्य_मार्क: टर्बोत. जीसीसीत बहुधा ७ ६ ७, क्लँग या तिसऱ्या कंपायलरमध्ये ५ ५ ७. मानकात याला अनडिफाइन्ड म्हणतात, काय व्हावं ते ठरवलेलंच नाही, म्हणजे तिघांपैकी कुणीच चुकलेलं नाही. चुकला तो प्रश्न.

जुना_खोड: आम्ही हेच पाठ करून कॅम्पसमध्ये लागलो. तुमच्या मानकाने पगार दिला का?

शून्य_मार्क: पाठांतराचाच पगार घेताय, दिसतंय.

लॅबवाले_सर: भांडू नका. मीही हा प्रश्न विचारतो, कारण प्रश्नसंच वरून येतो.

खवचट_पुणेकर: सर, निदान जीसीसीला ‘-Wall’ हा इशारे दाखवायचा पर्याय लावून दाखवा हो. जीसीसी स्वतःच बजावतं की इथे आयचं काही खरं नाही. टर्बो गुमान सात-सहा-सहा छापतं, आणि पोरांना वाटतं हाच सीचा नियम.

लॅबवाले_सर: बरं बाबा, इंटचं मान्य. पुढच्या सत्रात चार मशीन्सवर जीसीसी टाकतो. पाथ सेट करायला तुम्ही या, वडापाव माझा. पण जर्नलला आउटपुट टर्बोचंच चिकटवायचं, निळ्या स्क्रीनशिवाय सही होत नाही.

खवचट_पुणेकर: म्हणजे पुतणीने उणे २५५३६ च लिहायचं ना?