मदत हवी आहे: सीओईपीत मेटलर्जी घ्यावं का?

भावाला कॅप राउंडमध्ये (इंजिनिअरिंगच्या सरकारी प्रवेश फेरीत) पुण्याच्या सीओईपी कॉलेजात मेटलर्जी (धातूंचं इंजिनिअरिंग) लागलंय, कॉम्प्युटरच हवं तर मग नाशिकचं प्रायव्हेट कॉलेज, आणि घरचे सगळे कॉम्प्युटरच्याच मागे लागलेत. त्याला फिजिक्स-केमिस्ट्री मनापासून आवडतं, कोडिंग यूट्यूबवर बघून करून पाहिलं पण कंटाळून लॅपटॉप बंद. मेटलर्जीचा सिलॅबस बसून वाचला, फेज डायग्राम, हीट ट्रीटमेंट, लोखंड का गंजतं वगैरे, भारी वाटतंय (मला नाही, त्याला). प्लेसमेंटचे आकडे साइटवर बघून झालेत, ते नकोत. फीचा प्रश्न नाही, आणि पुढे ब्रँच बदलून मिळेल या आशेवर घ्यायचं नाहीये. मेटलर्जी केलेल्यांनीच सांगा, लॅबमध्ये सॅम्पल पॉलिश करून मायक्रोस्कोपखाली स्वतः बघायला मिळतं का नुसती जर्नल उतरवायची, आणि एमटेक न करता कोअरमध्ये (म्हणजे मेटलर्जीच्याच क्षेत्रात) नोकरी लागते का?