अनुभव धागा : डोंगरात पडून राहिलेलं दुपंखी विमान

मी मूळचा नागपूरच्या त्रिमूर्ती नगरचा, सध्या एडिनबराला. सोनेगाव विमानतळावर उतरणारी विमानं गच्चीवरून बघत मोठा झालो. गेल्या मे महिन्यात इथल्या एका आडबाजूच्या डोंगरावर ओढ्याकाठी गंजलेल्या नळ्यांचा सापळा दिसला. आधी वाटलं, मेंढरांचं मोडकं कुंपण असेल. मग चार सिलिंडर खाली तोंड करून असलेलं इंजिन दिसलं आणि अंगावर काटा आला. टायगर मॉथ! दुसऱ्या महायुद्धात हजारो पोरं ज्यावर उडायला शिकली, ते विमान.

दोन उघड्या जागा, पुढे शिक्षक, मागे शिकणारा. दोघांना बोलायला एक नळी. रेडिओ नाही. ढग खाली उतरला की नकाशा, होकायंत्र आणि घड्याळ, एवढाच आधार. अर्धा तास तिथून पाय निघेना. जागेचं नाव मुद्दाम देत नाही, लोक तुकडे उचलून नेतात. ब्रिटनमध्ये १९८६ च्या कायद्याने परवान्याशिवाय अशा लष्करी अवशेषांना हात लावता येत नाही, आणि ते योग्यच आहे.

एक कोडं मात्र सुटलं नाही. पंख कुठे गेले? आपल्यापैकी कुणी या विमानावर काम केलंय, घरात कुणी उडवलंय? जरूर लिहा.

*

खामल्याहून

पंख कुठेच गेले नाहीत, त्याच मातीत आहेत. १९६४ साली मी एका फ्लाइंग क्लबात शिकाऊ मेकॅनिक होतो. या विमानाच्या अंगाचा सांगाडा पोलादी नळ्यांचा, पण पंख लाकडाचे. त्यावर लिननचं कापड. ते आम्ही लांब सुईने फासळ्यांना शिवायचो, ठरावीक अंतरावर गाठ मारून. मग डोप नावाच्या रोगणाचे हात. डोप सुकला की कापड तबल्याच्या पुडीसारखं ताणलं जायचं, टिचकी मारली की नाद यायचा. त्याचा वास डोक्यात चढायचा; आजही नेलपॉलिशची बाटली कुणी उघडली की मला तो हँगर आठवतो.

कापड फाटलं की पाणी आत, पाणी आत गेलं की डिंक सुटतो, मग लाकूड कुजतं. बाहेर ठेवलेल्या पंखाची एका पावसाळ्यात काय दशा होते ते मी पाहिलंय. तुमच्या डोंगरावर तर सत्तर-ऐंशी वर्षं झाली असतील.

पेट्रोलची टाकी दिसली का? ती वरच्या पंखाच्या मधोमध असते. आणि कंट्रोल केबलचे टर्नबकल, म्हणजे तारांचा ताण कमीजास्त करणारे जोड, असतील तर नीट बघा, पितळ लवकर जात नाही.

*

धंतोलीहून

आमचे बाबा जोधपूरला यावरच शिकले. इंजिन सुरू करायला पंखा हाताने फिरवावा लागे. समोरचा ओरडायचा, ‘कॉन्टॅक्ट!’ आणि आतल्याने स्विच टाकून तोच शब्द परत म्हणायचा. ब्रेक नव्हते, म्हणून चाकांना ठोकळे. हे सांगताना बाबा आरामखुर्चीत ताठ बसत.

या धाग्यातलं पहिलं लिखाण मी त्यांना काल वाचून दाखवलं. बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, “तो पोरगा वाचला काय, विचार न त्याले.” बाबा एरवी आमच्याशी पुस्तकी मराठी बोलतात. जीव कळवळला की असं वऱ्हाडी निघतं.

*

प्रतापनगरहून

दिल्लीच्या पालम संग्रहालयात एक आहे, मुलांना घेऊन पाहिलं. इतकं छोटं असेल असं वाटलं नव्हतं.

*

पुन्हा एडिनबराहून

काका, तुमच्या सांगण्यावरून सप्टेंबरमध्ये परत गेलो. टाकी सापडली, चेपलेली, ओढ्यात दोनशे पावलं खाली. आणि टर्नबकलही! माती पुसली तर पितळ चमकलं. त्याच्या मधल्या भोकातून ओवलेली, दोन्ही टोकांना पीळ दिलेली बारीक तार अजून जागच्या जागी होती. फोटो पाठवतोय. वस्तू होती तिथेच ठेवली.

धंतोलीच्या ताई, बाबांना सांगा, गावातल्या म्हातारीने तिच्या आईकडून ऐकलंय : दोन माणसं रात्री कंदील धरून वर गेली होती आणि पोराला पाठीवर घेऊन उतरली. पाय मोडला होता.

*

खामल्याहून

फोटो पाहिला. लॉकिंग वायर आहे ती, जोड फिरून सैल होऊ नये म्हणून. पीळ हाताने दिलेला आहे, पक्कडीने नाही. आमचे उस्तादही असाच द्यायचे.