डीएचसीपीतून आयपी मिळतो, पण डिफॉल्ट गेटवे रिकामा येतो

दांडियाबाजार_लॅन:
बडोद्यातल्या एका क्लासचं नेटवर्क आहे. मुख्य राउटर १९२.१६८.१.१, त्याचा डीएचसीपी (यंत्रांना आपोआप आयपी पत्ते वाटणारी सोय) बंद ठेवलाय. पत्ते वाटतो १९२.१६८.१.२ वरच्या लिनक्स मशीनवरचा डीएनएसमास्क हा प्रोग्राम. वरच्या मजल्यावर कॅमेऱ्यांचं वेगळं नेटवर्क आहे, १९२.१६८.५०.०/२४, आणि तिकडे जायचा रस्ता १९२.१६८.१.२५० वरून. पीसींना तो आपोआप कळावा म्हणून काल डीएनएसमास्कच्या फाइलमध्ये ऑप्शन १२१ ची, म्हणजे ठराविक नेटवर्ककडे जायचे रस्ते सांगणारी, ही ओळ घातली:

डीएचसीपी-ऑप्शन=१२१,१९२.१६८.५०.०/२४,१९२.१६८.१.२५०

तेव्हापासून विंडोज १० वाल्या पीसींचं नेट एकेक करून गेलं. आयपीकॉन्फिग /ऑल मध्ये आयपी, मास्क, डीएनएस सगळं बरोबर. डिफॉल्ट गेटवेसमोर (बाहेर इंटरनेटकडे नेणाऱ्या राउटरचा पत्ता) कोरं. कॅमेरे दिसतात, १.१ ला पिंग जातो, ८.८.८.८ ला ‘जनरल फेल्युअर’. बिलिंगच्या जुन्या एक्सपी मशीनवर मात्र नेट व्यवस्थित चालू आहे. डिफॉल्ट गेटवे सांगणारी ऑप्शन ३ ची ओळ (१९२.१६८.१.१) फाइलमध्ये जशीच्या तशी आहे. मग गेटवे जातो कुठे?

टप्पा_टप्पा:
गेटवे पीसीपर्यंत पोचतोय, पीसी तो नियमाप्रमाणे बाजूला ठेवतोय. आरएफसी ३४४२ (२००२) हा इंटरनेटचा मानक दस्तऐवज स्पष्ट सांगतो: ऑप्शन १२१ मिळाला तर क्लायंटने ऑप्शन ३ कडे दुर्लक्ष करायचं. १२१ ही रस्त्यांची पूर्ण यादी धरली जाते, म्हणून डिफॉल्ट रस्ताही (०.०.०.०/०, म्हणजे बाकी सगळीकडे जायचा) त्याच यादीत हवा. ओळ अशी करा:

डीएचसीपी-ऑप्शन=१२१,०.०.०.०/०,१९२.१६८.१.१,१९२.१६८.५०.०/२४,१९२.१६८.१.२५०

ऑप्शन ३ काढू नका. ज्यांना १२१ कळत नाही ती यंत्रं, म्हणजे तुमचं एक्सपी आणि बरेच प्रिंटर, त्याच्यावरच चालतात.

बदल केल्यावर आधी डीएनएसमास्क --टेस्ट चालवून फाइल तपासा, मग सर्व्हिस रीस्टार्ट करा. नुसता रीलोड सिग्नल दिला तर मुख्य कॉन्फिग फाइल पुन्हा वाचली जात नाही. इथे पुष्कळ जण अडकतात. पीसींवर आयपीकॉन्फिग /रिलीज, मग /रिन्यू.

एकेक करून नेट गेलं त्याचं कारण लीज, म्हणजे पत्ता वापरायची मुदत. पीसी नवा ऑप्शन घेतो तो लीज निम्मी संपल्यावर किंवा पुन्हा सुरू झाल्यावर. २४ तासांची लीज असेल तर कुणाला तो लगेच मिळतो, कुणाला १२ तासांनी.

पॅकेट_बघा:
वरचं निदान पटलं, तरी अंदाजावर थांबू नका. १.२ वर टीसीपीडम्प (पॅकेटं दाखवणारा प्रोग्राम) -व्हीएनआय लावून पोर्ट ६७ वरची वाहतूक बघा आणि एका पीसीवर रिन्यू करा. आत्ता ऑप्शन १२१ ची लांबी ८ दिसेल: मास्कचा १ बाइट, नेटवर्कचे ३, गेटवेचे ४. डिफॉल्ट रस्ता जोडल्यावर १३ व्हायला हवी, कारण ०.०.०.०/० ला नेटवर्कचे बाइट लागत नाहीत, १ आणि ४ पुरतात. ८ च राहिली तर जुनीच फाइल चालू आहे. आणि आयपीकॉन्फिग /ऑल मध्ये ‘डीएचसीपी सर्व्हर’ १.२ च आहे ना तेही पाहा. कुणी दुसरा वायफाय राउटर लॅन पोर्टात खोचला असेल तर तोही पत्ते वाटत बसतो.

सरळ_रस्ता:
१२१ ची गरजच काय? मुख्य राउटरवर एक स्टॅटिक रूट (हाताने लिहिलेला कायमचा रस्ता) टाका, ५०.०/२४ साठी १.२५०. काम संपलं.

टप्पा_टप्पा:
चालेल, पण एक अडचण येते. जाताना पॅकेट पीसीकडून १.१ आणि तिथून १.२५० असं जाईल, परतताना १.२५० वरून थेट पीसीकडे येईल, कारण दोघं एकाच लॅनमध्ये आहेत. राउटरच्या फायरवॉलला कनेक्शनची एकच बाजू दिसते, आणि ती कडक असेल तर पुढची पॅकेटं टाकून देते. मग पिंग जातो पण कॅमेऱ्याचं पान उघडत नाही. इथे १२१ च बरा.

दांडियाबाजार_लॅन:
लांबी १३ आली, गेटवे दिसतोय, नेट आणि कॅमेरे दोन्ही चालू. एक्सपीवर कॅमेरे आणायचे असतील तर?

पॅकेट_बघा:
एक्सपी १२१ मागत नाही, तेच मायक्रोसॉफ्टच्या ऑप्शन २४९ मध्ये मागतं. तीच ओळ १२१ च्या जागी २४९ लिहून खाली जोडा. तिथेही ०.०.०.०/० ठेवाच.