कमानपाट्याच्या सुरीची धार तुटतेय, काय करू?

चोपड्याचा_भाऊ:
राम राम मंडळी. हाताने घडवलेल्या शिकारी घाटाच्या सुऱ्या जमवायचा नाद आहे मला, जाड पाठीच्या आणि पोटाशी गोलाई असलेल्या. (शिकारीला 1972 च्या कायद्याने बंदी आहे हे माहितीये, तो विषय नको, सुऱ्या मळ्यात नि मटणाला वापरतो.) मध्ये एका लोहाराकडून ट्रकच्या कमानपाट्याची करून घेतली, धार अशी की हातावरचे केस उडतात पण बोकडाचे सांधे सोडवले की धारेला बारीक बारीक दाते पडतात, शिवाय पात्यावर काळपट निळे डाग आलेत. आणि आजोबांची एक सांबरशिंगाच्या मुठीची सुरी आहे, एक जण बदल्यात दुसरी चांगली देतोय, देऊ का?

ऐरण_आणि_घण:
आधी एक सांग, धार तुटते का मुडते? मुडत असेल तर पातं मऊ, तुटत असेल तर पाणी कडक पाजलंय (लाल करून एकदम थंड केलंय) आणि नंतर उतरवलं नाही (पुन्हा हलकं तापवून कडकपणा कमी केला नाही). तू दाते म्हणतोस म्हणजे तुटतेच आहे. कमानपाट्यात कार्बन अर्ध्या टक्क्याच्या आसपास असतो, लाल करून लोहचुंबक चिकटेनासं झालं (साधारण 770 डिग्रीला) की अजून थोडं तापवून तेलात बुडवायचं, पण बरेच जण सवयीने थेट पाण्यात घालतात नि तसंच धार लावून हातात देतात. विळ्या-कोयत्याला चालून जातं, बारीक धारेच्या सुरीला नाही.
उपाय सोपा आहे. मूठ काढ, पातं पॉलिश पेपरने चकचकीत कर आणि ओव्हनमध्ये 200 डिग्रीला दोन तास ठेव. रंग गवती पिवळा आला पाहिजे. ओव्हन नसेल तर पाठीकडून तापव, धार ओल्या फडक्यावर, पिवळा रंग पाठीकडून धारेकडे सरकताना दिसतो, धारेशी पोचला रे पोचला की पाण्यात. निळा होऊ दिला तर धार गेलीच समज. आणि नंतर ग्राइंडरवर जोर लावू नको, तिथेही पातं तापून निळं होतं, दगडावर बसून हळूहळू घास.
मूठ लाखेने बसवली असेल तर उकळत्या पाण्यात धर, सुटून येते. म्हणूनच मे महिन्यात असल्या सुऱ्या गाडीच्या डॅशबोर्डवर टाकू नयेत, आपल्या जळगावच्या उन्हात मूठ हलायला लागते.

तापीकाठ:
आरं भो, ते काळं डाग गंज नही शे, कांदा-लिंबू कापं की येतसच. त्याले घासत बसू नको, उलट तेच पात्याले सांभाळस. तांबूस आणि खरखरीत दिसलं तर मात्र गंज. कापून झालं की लगेच धुवून कोरडी कर आणि बोटभर खोबरेल फिरव.
आणि चामड्याच्या म्यानात कायमची ठेवू नका, चामडं ओल धरतं, पितळी पिना हिरव्या पडतात नि त्यांच्या भोवतीच आधी गंज धरतो. म्यान फक्त बाहेर नेताना.

वनात_भटकणारा:
शिंगाच्या सुरीचं उत्तर स्पष्ट आहे, बदल्यात देऊ नको. सांबराचं शिंग वन्यजीव कायद्यात येतं, मग ते गळून पडलेलं असो का आजोबांच्या काळचं असो, मालकीचा दाखला असल्याशिवाय जवळ ठेवणंच अडचणीचं, विकणं-बदलणं तर दूरच. वनविभागाच्या कार्यालयात जाऊन दाखवून घे. नवीन मूठ करायची तर शिसम किंवा बाभूळ घे, बाभूळ फुकट आहे आणि ओल्या हाताला घसरत नाही.
आणखी एक, पातं 9 इंचांपेक्षा लांब किंवा 2 इंचांपेक्षा रुंद असलं आणि घरकाम-शेतीचं नसलं तर शस्त्र कायद्याचा प्रश्न येतो. यात्रेत कमरेला लटकवून फिरणाऱ्या पोरांना सांगा कोणीतरी.

चोपड्याचा_भाऊ:
धन्यवाद ऐरण भाऊ, लोहाराला शिव्या घालायच्या बेतात होतो. घरच्या ओव्हनमध्ये ठेवू का, बायको म्हणते केकला वास येईल.

ऐरण_आणि_घण:
पात्याचं तेल आधी पुसून घे, वास नाही येत. तरी वाद नको असेल तर गावातल्या बेकरीवाल्याला विचार, भट्टी थंड होत आली की 200 च्या आसपासच असते, फक्त थर्मामीटर घेऊन जा.