मदत हवी आहे: कॅलिफोर्नियातलं घरगुती डेकेअर, सबसिडीवरचं पहिलं बाळ आणि मुलांची मोजणी

नमस्कार मंडळी,

फ्रीमाँटला माझं घरगुती डेकेअर आहे. स्मॉल फॅमिली चाइल्ड केअर होमचं लायसन्स मिळून वर्ष उलटून गेलं. आतापर्यंत सगळी मुलं ओळखीतल्या घरांतली, पैसे आईवडील स्वतः देणारे. आता पहिल्यांदाच सबसिडीवरचं, म्हणजे ज्याचे पैसे सरकारी योजनेतून येतात असं, बाळ आलंय. मला ते घ्यायचंच आहे, पण नियमांचं गणित काही केल्या जुळत नाहीये. इथल्या ज्या मैत्रिणी डेकेअर चालवतात किंवा चालवत होत्या, त्यांनी कृपया मार्गदर्शन करा.

बाळ सात महिन्यांचं. आई एकटी आहे, हॉस्पिटलच्या किचनमध्ये कामाला. भेटायला आली तेव्हा झिपलॉकच्या पिशवीत सगळं ओळीने लावलेलं होतं: सबसिडी मंजूर झाल्याचं पत्र, लसीकरणाचं पिवळं कार्ड, पगाराच्या स्लिपा. बऱ्याच डेकेअरनी "आम्ही व्हाउचर घेत नाही" एवढंच सांगून फोन ठेवला म्हणाली. कागदपत्रांचा व्याप बघता ते का नाही म्हणतात हे समजतं. पण ज्यांच्यासाठी योजना आहे त्यांनाच कुणी दारात उभं करत नसेल, तर ते मला पटत नाही.

आता मोजणी सांगते. माझ्याकडे दोन वर्षांखालची तीन मुलं आहेत, त्यातलं एक पुढच्या महिन्यात दोन वर्षांचं होईल. साडेतीन आणि चार वर्षांची दोन. शिवाय माझी मुलगी, वय सात, पहिलीत; ती अडीचनंतर घरी येते. घरातलं स्वतःचं दहा वर्षांखालचं मूलही संख्येत धरतात, म्हणजे दुपारी माझे सहा पूर्ण. स्मॉल लायसन्सवर सहा मुलं असतील तर इन्फंट, म्हणजे दोन वर्षांखालची, तीनच चालतात. चार इन्फंट ठेवायची तर फक्त तीच चार, बाकी कुणी नाही. आठपर्यंत जाता येतं, पण मग इन्फंट दोनच, आणि एक मूल किंडरगार्टन किंवा त्यापुढच्या वर्गात जाणारं हवं, शिवाय दुसरं एक किमान सहा वर्षांचं हवं. म्हणजे पुढच्या महिन्यापासून बाळ घेतलं तर सकाळी सहा मुलं, तीन इन्फंट, सगळं नियमात. दुपारी माझी मुलगी दप्तर घेऊन आत आली की सात होतात आणि नियम मोडतो! माझं गणित बरोबर आहे ना?

दुसरा मार्ग लार्ज लायसन्सचा. १२ मुलं, त्यात चारपर्यंत इन्फंट, सोबत सहाय्यक. वर्षाचा अनुभव लागतो, तो झालाय. पण आम्ही भाड्याच्या घरात राहतो. घरमालक नाही म्हणाले तर? शहराचं परमिट वेगळं काढावं लागतं का?

तिसरी गोष्ट घरातली. नोव्हेंबरमध्ये सासूबाई आणि सासरे नाशिकहून सहा महिन्यांसाठी येत आहेत. त्यांचेही बोटांचे ठसे द्यावे लागतील असं एकीने सांगितलं. सासूबाईंना लहान मुलांची फार आवड, त्या स्वस्थ बसणार नाहीत. त्यांनाच सहाय्यक म्हणून दाखवता येईल का?

आणि सबसिडीचं. सबसिडीचे पैसे देणारी एजन्सी दराचं पत्रक मागते आहे. मंडळातल्या दोन घरांना मी ओळखीखातर कमी पैसे लावते. पत्रकात कुठला दर लिहायचा? गणपतीला एक आणि दिवाळीला दोन दिवस मी बंद ठेवते, त्याचे पैसे धरतात का?

पोस्ट लांबली, पण अर्धवट माहितीवर त्या बाईंना हो म्हणायचं आणि दोन महिन्यांनी बाळ परत पाठवायचं, हे मला करायचं नाहीये.

प्रतिसाद

तुमचं गणित अगदी बरोबर आहे. लायसन्सवर संख्या छापलेली असते म्हणून आपण तेवढीच बघतो. खरं बंधन वयांच्या मिश्रणाचं असतं, आणि ते त्या त्या क्षणी घरात कोण आहे त्यावर ठरतं. मुलगी वरच्या खोलीत अभ्यासाला बसली असली तरी ती मोजणीत आहे. त्यामुळे आत्ताचा सोपा मार्ग म्हणजे तिला शाळेतल्याच आफ्टरस्कूलला घाला आणि शेवटचं डेकेअरचं मूल गेल्यावर घरी आणा. लार्ज लायसन्स हातात येईपर्यंत तरी. शाळेला सुट्टी असलेल्या दिवसांचा विचार मात्र आधीच करून ठेवा. कॅलेंडर काढून एकेक तारीख बघा.

लार्जसाठी शहराला घाबरू नका. एसबी २३४ हा कायदा १ जानेवारी २०२० पासून लागू आहे. लार्ज घरगुती डेकेअरलाही निवासी वापरच मानायचं, त्यासाठी वेगळं परमिट किंवा बिझनेस लायसन्स मागायचं नाही, असं तो सांगतो. फायर विभागाची मंजुरी मात्र लागते, जी स्मॉलला लागत नाही. घरमालकाला डेकेअर नाकारता येत नाही. सुरू करण्याआधी ३० दिवसांची लेखी सूचना तुम्ही द्यायची असते, ती लायसन्स घेताना दिलीच असेल. लेखी संमती कधी लागते? स्मॉलवर सहाच्या वर सातवं-आठवं मूल घेताना आणि लार्जवर १२ च्या वर १४ पर्यंत जाताना. तुम्हाला १२ पुरेत, तेव्हा तो प्रश्न नाही. आणि लार्ज मिळालं तरी सहाय्यक हजर नसेल त्या वेळी स्मॉलचेच नियम लागू होतात, हे विसरू नका.

सासूसासऱ्यांचं गंभीरपणे घ्या. घरात राहणाऱ्या १८ वर्षांवरील प्रत्येकाचं क्लिअरन्स, म्हणजे ठशांवरून गुन्ह्यांची नोंद तपासून मिळणारी मंजुरी, ते राहायला येण्याआधी हवं. नसेल तर दर माणशी दिवसाला १०० डॉलर दंड, पहिल्या वेळी पाच दिवसांपर्यंत. सहा महिने म्हणजे पाहुणे की रहिवासी, हा वाद तपासणीच्या दिवशी घालायची वेळ येऊ देऊ नका. तुमच्या लायसन्सचं काम बघणाऱ्या सरकारी लायसन्सिंग अ‍ॅनालिस्टला आत्ताच ईमेल करा आणि लेखी उत्तर जपून ठेवा. लाइव्ह स्कॅनच्या, म्हणजे मशीनवर ठसे घेणाऱ्या, केंद्रावर भारतीय पासपोर्ट चालेल का हे फोनवर आधी विचारून घ्या. माझ्या आईचे ठसे पहिल्यांदा नापास झाले होते. आयुष्यभर भांडी घासून बोटांच्या रेषा इतक्या पुसट झालेल्या की मशीनला काही दिसेना. तेव्हा थोडा जास्त वेळ हाताशी ठेवा. सहाय्यक म्हणून मात्र त्यांचं नाव घालायचा विचारही करू नका. व्हिजिटर व्हिसावर काम करता येत नाही.

सबसिडीच्या दराचा नियम असा, की त्याच सेवेसाठी खाजगी पालकांकडून घेता त्यापेक्षा जास्त या आईच्या नावावर लावायचे नाहीत. ओळखीखातर तोंडी सवलत देता ना, तिथेच अडचण येते. सवलत ठेवायची असेल तर ती लेखी धोरणात आणा, सगळ्यांना सारखी लागू होईल अशी, आणि मगच पत्रक द्या. एजन्सीची देण्याची कमाल मर्यादा प्रादेशिक बाजारदरावर ठरते. तुमचा दर त्याहून जास्त असला तर फरक पालकाकडून घेता येतो, पण या बाईंना तो झेपेल का हे आधी मोकळेपणाने बोला. राज्याची स्वतःची फॅमिली फी, म्हणजे सबसिडीतला पालकाचा वाटा, ऑक्टोबर २०२३ पासून खूप कमी झाली आहे: राज्याच्या मध्यम उत्पन्नाच्या ७५ टक्क्यांखाली काहीच नाही, त्यावर जास्तीत जास्त उत्पन्नाच्या १ टक्का.

सुट्ट्या करारात आधीपासून असाव्यात आणि खाजगी पालकही त्या दिवसांचे पैसे देत असावेत. दोन्ही असेल तर ठरावीक मर्यादेत पैसे मिळतात. तुमच्या गणपती-दिवाळीच्या तारखा त्यात बसतात का ते एजन्सीकडून लिहून घ्या.

सगळ्यात महत्त्वाचं हजेरीपत्रक. येण्याजाण्याची खरी वेळ रोज लिहायची, ८:३० ते ५:३० असं महिनाभर एकसारखं नाही. ८:४१ ला आलं तर ८:४१. नाही आलं तर गैरहजर आणि कारण. महिनाअखेरीस तुमची आणि आईची सही. आठवडाभराचं शुक्रवारी बसून भरलं तर बघणाऱ्याला ते लगेच कळतं, आणि पैसे अडतात ते अशाच गोष्टींवर.

न विचारलेलं एक सांगते, कारण बाळ सात महिन्यांचं आहे. १२ महिन्यांखालच्या प्रत्येक बाळाचा झोपेचा आराखडा (फॉर्म एलआयसी ९२२७) भरून पालकांची सही घ्यायची. दुपट्यात गुंडाळून झोपवायचं नाही, पाळण्यात सुटं पांघरूण नाही. दर १५ मिनिटांनी बघायचं आणि त्याची नोंद ठेवायची, ही तपासणी दोन वर्षांपर्यंतच्या सगळ्यांसाठी. हे सासूबाईंना आल्या आल्या समजावून सांगा. त्या प्रेमानेच बाळाला गुंडाळतील आणि उत्तर तुम्हाला द्यावं लागेल.

आणि घ्याच ते बाळ. सबसिडीची मुलं घेणाऱ्या आपल्यासारख्यांच्या वतीने चाइल्ड केअर प्रोव्हायडर्स युनायटेड ही युनियन राज्याशी वाटाघाटी करते. अडलं तर त्यांना विचारता येतं.

धागाकर्ती

मनापासून आभार, ताई. दुपारचा गुंता इतका सरळ सुटेल असं वाटलं नव्हतं. अ‍ॅनालिस्टला मेल केली. मुलीच्या शाळेत विचारलं, आफ्टरस्कूलला जागा आहे, पुढच्या महिन्याच्या एक तारखेपासून. एका मुलाचा दुसरा वाढदिवस पाच तारखेला आहे, म्हणून त्या बाईंना सहा तारीख दिली. तोवर तिची बहीण बाळाला बघणार आहे.

सवलत आता भावंडांपुरतीच ठेवते आणि तशी लेखी करते. मंडळातल्या दोन्ही घरांशी मी स्वतः बोलेन.

दोन विनंत्या. घरगुती डेकेअरचा इंग्रजी करारनामा, सुट्ट्यांच्या कलमासह, कुणाकडे असेल तर कृपया निरोप पाठवा. आणि लार्जचा अर्ज करते आहे, तेव्हा फ्रीमाँट, युनियन सिटी किंवा नेवार्कमध्ये दुपारी अडीच ते सहा सहाय्यक म्हणून यायला कुणी तयार असेल तर कळवा. लाइव्ह स्कॅन, टीबीची चाचणी, गोवर आणि डांग्या खोकल्याच्या लशीचा पुरावा लागेल, खर्च मी करेन. एच-४ (जोडीदाराच्या) व्हिसावर असाल तर ईएडी, म्हणजे कामाचं परमिट, हवं. मुलांजवळ जमिनीवर बसून खेळायची मनापासून आवड असेल तर अनुभव नसला तरी चालेल.