बस-प्राधान्य संशोधनाचा प्रस्ताव: परीक्षक कुठे बोट ठेवतील?

प्रश्न (रहदारी_अभ्यास): सिग्नलवर बसला प्राधान्य दिल्यास किती वेळ वाचतो आणि किती लोक बसकडे वळतात, यावर दोन वर्षांचा प्रस्ताव निधीसाठी पाठवायचा आहे. घरोघरी सर्वेक्षणाला 400 कुटुंबं धरली आहेत. बसच्या जीपीएस नोंदी परिवहन संस्थेकडून मिळतील असं गृहीत धरलंय. कुठे कच्चं राहतंय?

नमुनापाहणी: आधी 400 वर. 95 टक्के विश्वासपातळी आणि ±5 टक्के त्रुटीला 384 लागतात खरे, पण ते साध्या यादृच्छिक नमुन्याला. एकाच वस्तीतली 10-10 घरं घेतली तर शेजाऱ्यांच्या सवयी मिळत्याजुळत्या निघतात. गटांतर्गत सहसंबंध (एकाच गटातली उत्तरं एकमेकांशी किती मिळतात याचं माप) 0.05 धरा: 1 + 9 × 0.05 = 1.45 पट, म्हणजे 557. त्यात 60 टक्केच घरं उत्तर देणार असतील तर सुमारे 930 दारं ठोठावण्याचा खर्च मांडावा लागेल. हे गणित प्रस्तावातच दाखवा. 50 घरांची चाचणी फेरीही वेगळी धरा. ‘काल कुठे कुठे गेलात?’ असं विचारलं की पायी मारलेल्या छोट्या फेऱ्या लोक हमखास गाळतात. प्रश्न कसा बदलायचा ते तिथेच कळतं.

सिग्नल_चक्र: माझ्या मते खरा धोका ‘गृहीत धरलंय’ या शब्दांत आहे. नुसतं पाठिंब्याचं पत्र पुरत नाही. कोणते मार्ग, किती महिने, कोणते रकाने, निष्कर्ष प्रसिद्ध करण्याची मुभा, सगळं लेखी घ्या. आणि नोंद दर किती सेकंदांनी होते ते विचाराच! 30 सेकंदांची असेल तर ताशी 20 किमीने जाणारी बस दोन नोंदींमध्ये 167 मीटर पुढे गेलेली असते. ती सिग्नलला अडली की थांब्यावर, हे कळायला मार्ग नाही. 5 सेकंदांवर हेच अंतर 28 मीटर होतं. तेवढी बारीक नोंद नसेल तर काही बसमध्ये स्वतःचे लॉगर (जागेची नोंद ठेवणारी यंत्रं) बसवायचा खर्च आत्ताच धरा.

सिम्युलेशन (संगणकावर रहदारीची नक्कल) करणार असाल तर ज्या दिवसाच्या मोजणीवर मॉडेल जुळवलं, त्याच मोजणीवर ते तपासू नका. दुसऱ्या दिवसाची मोजणी ठेवा. जीईएच (मॉडेलमधली आणि मोजलेली वाहनसंख्या यांतला फरक दाखवणारा आकडा) 5 पेक्षा कमी हवा, किमान 85 टक्के ठिकाणी.

रहदारी_अभ्यास: आभार. निधीचे हप्ते समान मागू का?

नमुनापाहणी: नको. करार आणि नैतिक समितीची मंजुरी यांत पहिले काही महिने जातात, मग सर्वेक्षणाचा मोठा खर्च एकदम अंगावर येतो. तो हप्ता सर्वेक्षक नेमण्याआधी हातात पडेल असा टप्पा लिहा. त्यासाठी चाचणी फेरीचा अहवाल हीच अट ठेवा.